सातवं पान उघडत नाही

९ फेब्रुवारी

खडू,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, शेवटी कागदावर जागा उरेल न उरेल.

माझा कॉम्प्युटर बसलाय. चालू आहे, पण भर रस्त्यात गाढव बसावं तसा बसलाय. एखादं पान उघडायला टिचकी मारली की ते छोटं चाक फिरायला लागतं. मी चहा टाकते, उकळतो, गाळते, पिते, कप विसळून पालथा घालते, आणि येऊन बघते तर चाक फिरतंच आहे. काल तुला मेल लिहायला बसले तर मेलचं पानच अर्धं आलं. वरची पट्टी आली, खाली नुसतं पांढरं. म्हणून हे कागदावर.

फोन करू नकोस. चाळीस वर्षं चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायच्या यंत्राला चिकटून बसले आणि कान तिथेच ठेवून आले, हे तुला ठाऊक आहे. तरी तू फोन करतेस आणि मी दर वेळी 'हो हो' म्हणते. मागच्या खेपेला कशाला हो म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही.

तू कॉलेजात दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर ठीक करतेस, तर मावशीचाही कर. तुझे काका म्हणतात नवा घेऊ. पण नवा आणायचा, त्याच्या खोडी शिकायच्या, एवढा वेळ माझ्याकडे नाही. मला हाच, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आत, धावता हवा आहे. घाई का ते विचारू नकोस. एक काम आहे आणि त्या कामाला बरीच पानं एकदम उघडी लागतात.

तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. ताईला सांगितलं की ती आधी घाबरते आणि मग विचारते काय झालं.

मावशी


१४ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार. मागच्या फोनवर तू मला तुझं शिवणयंत्र द्यायला 'हो हो' म्हणालीस. मी विसरलेले नाही.

आता कामाचं. 'बरीच पानं' म्हणजे किती ते मोज. इथे एका प्राध्यापकांनी मला 'थोडीशीच' सांगितली होती, ती अठ्ठेचाळीस निघाली. तुझी विणकामाच्या नमुन्यांची असणार, हे मी न बघता सांगते. एकदम काही बंद करायला सांगत नाही, कारण तू भांडशील. आधी नुसती यादी करून पाठव, कोणत्या विषयाची किती.

मग एक कर. ब्राउझर उघडा असताना शिफ्ट आणि एस्केप ही दोन बटणं एकदम दाब. एक तक्ता येईल. कोणतं पान कॉम्प्युटरची किती मेमरी खातंय ते त्यात लिहिलेलं असतं. मेमरी म्हणजे तुझं कारखान्यातलं टेबल समज. टेबलावर मावतील तेवढी भिंगं ठेवलीस तर हात भराभर चालतो. जास्त झाली की काही खाली टोपलीत ठेवायची, लागली की वाकून उचलायची. तुझा कॉम्प्युटर सध्या सारखा वाकतोय, असा माझा अंदाज आहे.

दुसरं, उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'नवीन खाजगी खिडकी' उघड आणि तिच्यात तुझं एकच पान लाव. तू ब्राउझरला कधी काही जोडण्या (एक्स्टेन्शन म्हणतात त्या) लावल्या असतील तर त्या तिथे सहसा चालत नाहीत. पान तिथे पटकन उघडलं तर दोष जोडणीचा. आणि तिसरं, हेच सगळं इंटरनेटची वायर थेट लावून एकदा करून बघ, म्हणजे वायफायवरचा संशय फिटेल.

एका वेळी एकच गोष्ट बदल, मावशी. दोन बदलल्यास तर कशाने बरं वाटलं ते कळायचं नाही.

खडू


१९ फेब्रुवारी

खडू,

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तू मला शिकवतेस? मी भिंगं घासली आहेत. असो, उत्तरं घे.

पानं त्रेसष्ट. काकांनी मोजली तर एकसष्ट आली, पण ते मोजताना बोलत होते. यादी अशी: हवामान दोन. शब्दकोश चार, चारही तोच. मागच्या वर्षीचं बसचं वेळापत्रक एक. कपाटाच्या बिजागऱ्या सात, त्या काकांच्या. मोतीबिंदू तीन. मेल एक, अर्धं. काळं चित्र, मध्ये गोल, कडेला तारीख आणि वेळ, अशी एक्केचाळीस. नुसती कोरी तीन, ती कशाची होती आठवत नाही, उघडतील कधी तरी म्हणून ठेवली आहेत. आणि एक गाण्याचं.

त्या गाण्याची गंमत ऐक. तुझ्या तक्त्यात ते पान भसाभसा मेमरी खाताना दिसलं, म्हणून काकांना विचारलं. ते म्हणाले, "म्हणजे हे गाणं आपल्या घरात वाजतंय?" त्यांनी कधी तरी ते लावलं आणि विसरले. मला ऐकू येत नाही. आठ दिवस दोनच ओळी फिरून फिरून वाजत होत्या आणि ते शेजारच्या शिंपीणबाईंवर चरफडत होते. काल तिला जिन्यात गाठून चार शब्द सुनवायच्या बेतात होते. तुझ्या तक्त्याने शेजार राखला बघ.

खाजगी खिडकीत हवामान चटकन उघडलं. मग जोडण्या बघितल्या. 'पानं झटपट उघडा' नावाची एक जोडणी होती, मीच गेल्या वर्षी लावलेली, आणि तक्त्यात सगळ्यांत वर तीच. नाव झटपट आणि काम असं. काढून टाकली. बिजागऱ्या, बस, कोरी, शब्दकोशातली तीन, सगळं बंद केलं. मेल आता उघडतं. वायर लावून फरक काही पडला नाही, म्हणजे वायफाय बिचारं निर्दोष.

पण माझ्या कामाची पानं, ती काळी, ती अजून रडतातच. दोन-चार नीट येतात आणि मग पुढचं चाक फिरत बसतं. दिवस निघून चाललेत, खडू. लवकर कळव.

मावशी


२३ फेब्रुवारी

मावशी,

तुझी यादी मी तीनदा वाचली आणि आज कामात लक्ष लागलं नाही.

मोतीबिंदूची तीन पानं. काळ्या चित्रांची एक्केचाळीस, मध्ये गोल, कडेला तारीख आणि वेळ. डोळ्याच्या दवाखान्यात आत उजेड टाकून काढतात तसे फोटो असतात ते, मी पाहिले आहेत. इतके फोटो कशाला काढले? मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आत असं काय आहे? तुला दिसायचं कमी झालंय का, आणि किती? तू दोन वर्षांपूर्वी कान जाताना असंच केलंस. सगळ्यांना 'हो हो' म्हणत राहिलीस आणि आम्हाला वाटलं तू आमच्याशी सहमत आहेस.

कॉम्प्युटरचं मी सांगेन, पण आधी हे सांग. नाही सांगितलंस तर मी पुढची युक्ती सांगणार नाही.

आणि मी आईला सांगितलंय. रागाव हवं तर.

खडू


२८ फेब्रुवारी

खुळे,

तो डोळा नव्हे, सूर्य आहे.

तुझी आई परवा सकाळी दारात उभी. चेहरा शेवटचं भेटायला आल्यासारखा, हातात दोन किलो गाजरं. आत येऊन माझ्यासमोर दोन बोटं धरली आणि ओरडून म्हणाली, "किती?" मी म्हटलं, "ताई, मी बहिरी आहे, आंधळी नाही." त्यावर रडायला लागली. काका मागे उभे राहून हसत होते, त्यांना मग दोघींनी मिळून झोडपलं. गाजरं अजून संपायची आहेत.

आता तुला सगळं सांगते, कारण लपवून काय झालं ते दिसलंच.

आकाशात एक यान सोडलेलं आहे, ते सूर्याच्या आजूबाजूचे फोटो काढत असतं. सूर्य फार तेजस्वी, म्हणून त्याच्यापुढे एक चकती धरलेली असते. तुझा तो 'मध्ये गोल' म्हणजे ती चकती. दर बारा मिनिटांनी नवं चित्र, आणि ती चित्रं एका वेधशाळेच्या पानावर कुणालाही बघायला मिळतात. त्यात कधी कधी एक बारीक ठिपका सूर्याकडे सरकत जातो. तो धूमकेतू. पहिल्यांदा ज्याला दिसेल आणि जो पहिला फॉर्म भरून कळवेल, त्याचं नाव वेधशाळेच्या यादीत शोधणारा म्हणून लागतं. शिक्षण विचारत नाहीत, वय विचारत नाहीत.

निवृत्त झाल्यावर मासिकात हे वाचलं आणि लगेच पुन्हा एकदा वाचलं. कारण हे तर माझंच काम. भिंगावर डाग आहे की धूळ, हे मी चाळीस वर्षं बघितलं. काच फिरवायची. डाग काचेबरोबर फिरला तर काचेतला, नाही फिरला तर आपल्या डोळ्यातला. इथेही तेच. चार चित्रं चार पानांत उघडायची आणि भराभर एकावरून दुसऱ्यावर जायचं. तारे सगळे मिळून एका बाजूला सरकतात. यंत्राचा कचरा एका चित्रात दिसतो, पुढच्यात नाही. आणि एखादाच ठिपका असा असतो की तो आपल्या वाटेने, सारख्या पावलांनी चालतो. म्हणून मला बरीच पानं लागतात. ती बंद कर म्हणजे माझं भिंग काढून घे.

दोनदा माझ्या हातून गेला. पहिल्यांदा तीन चित्रांत चालताना बघितला, चौथं उघडेना. उघडलं तोवर कुणी तरी कळवून मोकळा झालेला, चार मिनिटं आधी, हे नंतर यादीत वाचलं. दुसऱ्या वेळी चारही मिळाली आणि फॉर्मचं पानच येईना. अकरा मिनिटांनी गेला. यादी लागली त्या दिवशी मी जेवले नाही, हे काकांनी ताईला सांगितलं, ते खरं आहे.

आता मोतीबिंदूचं. तो आहे, डाव्या डोळ्यात. ११ मार्चला शस्त्रक्रिया. दोनदा तारीख पुढे ढकलली ती मीच. डॉक्टर म्हणतात नंतर दोन आठवडे पडद्याकडे बघायचं नाही. काकांना सांगायला तेवढं कारण पुरलं. खरं सांगू का, या डोळ्यावर आमचं पोट भरलं. त्याला कुणी हात लावणार म्हटलं की मी पळच काढते. त्याआधी एकदा, याच डोळ्याने, एक तरी सापडावा असं वाटतं.

या खेपेला तारीख ढकलणार नाही, काकांनी माझ्याकडून वचन घेतलंय. म्हणजे माझ्याकडे अकरा दिवस आहेत. आता सांग तुझी युक्ती.

मावशी


१ मार्च

खडू,

तुझ्या उत्तराची वाट बघवेना म्हणून हे मागोमाग टाकते. कालचं आणि हे पत्र एकदमच पोचेल.

आज सकाळी ठरवलं की रडत बसण्यापेक्षा मोजावं. सगळी पानं बंद केली. हो, सगळी, तारखा वहीत उतरवून. ब्राउझर नव्याने उघडला. काकांच्या हातात घड्याळ दिलं आणि काळी पानं एकेक करून उघडायला लागले.

पहिलं दोन सेकंदांत. दुसरं दोन. तिसरं, चौथं, पाचवं, तसंच. सहावं जरा रखडलं, सात सेकंद. सातवं उघडलं नाही. पाच मिनिटं थांबलो. नाहीच. तेव्हा बाजूला हवामानाचं पान उघडून बघितलं तर ते लगेच आलं. म्हणजे इंटरनेट ठीक, मेमरीही रिकामी, तक्ता बघितला. मग मी पहिलं पान बंद केलं. त्याच क्षणी सातवं उघडलं.

काका म्हणाले, "योगायोग." मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा केलं. पाच वेळा केलं, खडू. पाचही वेळा सातवं अडतं आणि एक बंद केलं की सुटतं. घासकामात असं पाचदा झालं तर आम्ही यंत्र उघडायचो.

सहाच का? कोण मोजतंय तिथे बसून?

मावशी


५ मार्च

मावशी,

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतेय, कारण तुझ्याकडे सहा दिवस उरलेत. आधी खालची ओळ वाच, कर, आणि मग बाकीचं पत्र.

तुझ्या काळ्या पानाच्या अगदी तळाशी, उजवीकडे, बारीक अक्षरात 'नवं चित्र आपोआप दाखवा' असं लिहिलंय आणि पुढे एक चौकोन आहे. त्यातली खूण काढ. एका पानात राहू दे, बाकी सगळ्यांत काढ.

केलंस? आता सांगते तू काय शोधलंस. एका ब्राउझरला एका संकेतस्थळाशी बोलायला एका वेळी सहाच खिडक्या मिळतात, निदान या जुन्या घडणीच्या संकेतस्थळांशी. तिकिटाच्या खिडक्या समज. माणूस आला, तिकीट घेतलं, बाजूला झाला, तर सहा खिडक्या साठ जणांना पुरतात. पण तुझं हे पान चित्र घेऊन बाजूला होतच नाही. 'पुढचं चित्र आलं की मला सांगा' म्हणून खिडकीला धरून उभं राहतं. सहा पानांनी सहा खिडक्या अडवल्या की सातव्याने जायचं कुठे? फॉर्मही त्याच संकेतस्थळावर आहे, म्हणून त्या दिवशी तोही आला नाही. ती खूण काढली की पान चित्र घेऊन मुकाट्याने बाजूला होतं. मी इथे वीस पानं उघडून पाहिली. वीसच्या वीस आली.

मी गेले तीन आठवडे तुझ्या मेमरीच्या मागे होते. जोडणी काढून आणि गाणं बंद करून आपण अर्धं दुखणं बरं केलं, पण खरं दुखणं तू मोजून काढलंस. आणि ऐक पुढे. आमच्या ग्रंथपालबाई वर्षभर ओरडत होत्या की यादीचं पान दुपारपर्यंत अडायला लागतं. मी त्यांना दोनदा मेमरी वाढवून दिली होती. काल तुझं पत्र खिशात घालून त्यांच्या टेबलाशी गेले आणि पानं मोजली. यादीचीच सहा उघडी, प्रत्येक पान नव्या नोंदीची वाट बघत उभं. एक बंद केलं आणि अडलेलं पान धाडकन आलं. बाईंनी विचारलं, "तुला कसं सुचलं?" मी म्हटलं, मावशी चष्म्याच्या कारखान्यात होती. त्यांना काही उलगडलं नाही, पण पेढा मिळाल्यासारखा चेहरा करून त्यांनी मला चहा पाजला.

गाजरांबद्दल माफी. आईला मीच घाबरवलं. पण डोळ्याचं तू आधी सांगायला हवं होतंस, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

आणखी एक. मीही एक धूमकेतू शोधला. काल जेवणाच्या सुट्टीत, चार चित्रांत, झकास चालत होता. घाईघाईने फॉर्म भरला. तासाभरात उत्तर आलं, 'कळवल्याबद्दल आभार, हा बुध ग्रह आहे.' तू हसायला लागली असशील. हस.

११ तारखेला मी येऊ का?

खडू


१० मार्च

खडू,

येऊ नकोस. ताई आली आहे, आणि गाजरंही. आधी हे वाच.

चौकोनातली खूण काढली. परवा बारा पानं उघडली, बाराही आली, एकामागे एक, पत्ते वाटावे तशी. मी दोन दिवस खुर्चीतून हलले नाही. काही सापडलं नाही, पण अडलंही नाही. उद्या शस्त्रक्रिया, म्हणजे आजचा दिवस शेवटचा, हे मनाला सांगून सकाळी साडेसातला बसले.

सव्वानऊच्या सुमारास खालच्या डाव्या कोपऱ्यात काही तरी वाटलं. वाटलं म्हणते, कारण दिसलं असं म्हणवत नव्हतं. डाव्या डोळ्यापुढे हल्ली धुकं असतं. उजवा झाकला, डाव्याने बघितलं, गेला. डावा झाकला, आला. पडद्याच्या काचेवर बोट फिरवलं, धूळ नाही. मग आधीचं चित्र उघडलं. लगेच आलं, खडू. त्यात ठिपका होता, जरा मागे. त्याच्या आधीचं उघडलं. आणखी मागे. मी चारही पानांवरून पुढे-मागे, पुढे-मागे जायला लागले आणि तो चालायला लागला. तारे एका बाजूला, आणि हा एकटा तिरका, सूर्याच्या रोखाने.

मी काकांना हाक मारली. माझी हाक केवढी मोठी असते ते मला कळत नाही. ते अंघोळीतून साबणासकट आले.

"काय पडलं?"

"काही नाही. डावीकडून किती अंतरावर आहे ते मोजायला लागा, मी लिहिते."

फॉर्ममध्ये प्रत्येक चित्रातली ठिपक्याची जागा लिहावी लागते, डावीकडून किती आणि खालून किती. ते मोजत होते, मी लिहीत होते. दोनशे बारा. दोनशे एकोणीस. दोनशे सव्वीस. दोनशे तेहतीस. दर वेळी सात. चौथा आकडा ऐकला, म्हणजे त्यांच्या ओठांवर वाचला, आणि मी पेन खाली ठेवलं. कचरा असा सात-सात पावलं टाकत नाही.

फॉर्मचं पान उघडायला टिचकी मारली आणि डोळे मिटून घेतले. काकांनी खांद्यावर थोपटलं. उघडलं होतं. भरलं, पाठवलं, नऊ वाजून सेहेचाळीस मिनिटं. 'तुमची नोंद मिळाली' एवढंच आलं. आधी कुणी कळवलंय की नाही ते लगेच सांगत नाहीत. तपासणारे लोक आठवडाभराने यादी लावतात.

म्हणजे यादी लागेल तेव्हा मी पट्टी बांधून बसलेली असणार. काकांनी आत्ताच माउस काढून स्वतःच्या कपाटात ठेवलाय, कुलूप लावून. ताई किल्ली सांभाळतेय. तेव्हा यादी तू बघ. आणि जे असेल ते लिही. तिसऱ्यांदा कुणी पुढे गेलं असेल तरी लिही, लपवू नकोस.

आता सगळं सामान पिशवीत भरलंय. भीती आहेच, पण शस्त्रक्रियेची की यादीची ते आज नीट सांगता येत नाही.

मावशी


१७ मार्च

काका, हे तुम्ही वाचून दाखवायचं आहे. मोठ्याने. त्याहून मोठ्याने. मावशी, तू त्यांच्या ओठांकडे बघ, उघड्या डोळ्याने, आणि मध्ये बोलू नकोस.

यादी आज दुपारी लागली. तुझं पत्र आल्यापासून मी रोज चार वेळा ते पान उघडत होते, ग्रंथपालबाईही उघडत होत्या, आणि काल तर तो अठ्ठेचाळीस पानांचा प्राध्यापक मला जिन्यात विचारत होता, "मावशींचं आलं का?"

आलं. १० मार्च, ठिपका खरा, धूमकेतू नवा. पहिली नोंद नऊ सेहेचाळीसची आणि तिच्यापुढे तुझं नाव, तू फॉर्मवर लिहिलंस तसं, आजोबांच्या नावासकट. दुसरी नोंद नऊ पंचावन्नची. नऊ मिनिटं, मावशी. ते दुसरे गृहस्थ कोण माहीत आहे का? ज्यांनी तुझा पहिला चार मिनिटांनी नेला होता तेच. त्यांच्या नावावर यादीत एकशेसहा धूमकेतू आहेत.

मी उभी राहिले तेव्हा खुर्ची मागे पडली. ग्रंथपालबाईंनी ग्रंथालयात टाळी वाजवली आणि मग स्वतःलाच 'शू' केलं. मी यादीचं ते पान छापून सोबत पाठवतेय. पट्टी निघाली की स्वतः वाच. तोवर काकांनी वाचून दाखवलेल्यावर विश्वास ठेव.

डोळा कसा आहे?

खडू


२७ मार्च

खडू,

काकांनी तुझं पत्र इतक्या मोठ्याने वाचलं की शिंपीणबाई धावत आली. तिला वाटलं भांडण. तिलाही मग पहिल्यापासून वाचून दाखवलं, ती हातातली कात्री विसरून बसली. नऊ मिनिटं हे ताईने इतक्या लोकांना सांगितलंय की आता जणू शर्यत स्वतःच जिंकून आल्यासारखी सांगते.

छापलेला कागद पट्टी निघाल्यावर वाचला. आधी कागदच बघत राहिले. कागद पांढरा असतो, हे मी विसरले होते. मला वाटायचं आपल्या घरी सगळं जरा पिवळं आहे. भिंतीवरचे डाग दिसायला लागलेत, काकांच्या कानातले केस दिसायला लागलेत, त्यांना सांगितलं तर रुसले.

परवा दोन आठवडे पूर्ण झाले. डॉक्टरांनी हो म्हटलं, ताईने किल्ली दिली, काकांनी माउस समारंभाने टेबलावर ठेवला. मी १० तारखेची चित्रं उघडली. वाटलं, नव्या डोळ्याने एकदा आपला धूमकेतू बघून घ्यावा. उघडलं आणि घाबरलेच. एवढे तारे? मी ज्याला कोरं काळं समजत होते तिथे रवा सांडल्यासारखे ठिपके. माझा धूमकेतू तर कंदिलासारखा दिसत होता. कुणालाही दिसला असता.

मग पुढची पानं उघडली, त्याच दिवसाची, आठ-नऊ तासांनंतरची. तोवर माझा सूर्याजवळ पोचून विरघळलेला. पण त्याच वाटेवर, मागे, एक ठिपका. फिका. मी पुढे-मागे केलं. तो चालला.

काकांना बोलावलं. ते वाकून म्हणाले, "धूळ आहे." आणि सदऱ्याच्या टोकाने पडदा पुसला. पुसल्यावर तो जास्तच स्पष्ट दिसायला लागला. मग ते खुर्ची ओढून बसले आणि मोजायला लागले. या खेपेला दर पावलाला सहा आणि सात, सहा आणि सात. चार चित्रं नाही, सहा चित्रं घेतली. मग वेधशाळेची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. त्या दिवशीचा हा दुसरा धूमकेतू कुणीच कळवलेला नाही, त्या एकशेसहावाल्यांनीही नाही. जुन्या चित्रांतला शोधही ते धरतात, मी आधी नियम वाचले. फॉर्म भरून पाठवला. उत्तर यायचंय. बुध नाही, एवढं मी तुला सांगते.

आज सकाळी मी एकटी दवाखान्यात जाऊन आले. उजव्या डोळ्यातही थोडा आहे म्हणाले होते, तो कधी काढायचा ते विचारायला. डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच का त्या, दोनदा पळून गेलेल्या? अजून वर्षभर थांबलात तरी चालेल." मी म्हटलं, लवकरात लवकरची तारीख द्या. त्यांनी कागदावर लिहून विचारलं, एवढी घाई कशाला?

मी म्हटलं, वर फार गर्दी आहे हो.

मावशी